पहाऱ्याचे मोल : बलुत्यापासून अंदाजपत्रकापर्यंत

पवनेच्या काठी, सांगवीच्या शेजारी पिंपळे गुरव हे गाव आहे. त्यास गाव म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. कारण हल्ली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामावून गेले असून शेतांच्या जागी बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. तेथील बंदोबस्त सांगवीच्या पोलीस ठाण्याकडे असतो, आणि ते ठाणे १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहे. शिपायापासून आयुक्तापर्यंत सर्वांचे वेतन सरकारी तिजोरीतून निघते. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की, ती पूर्वापार असावी असा सहज समज होतो. वास्तविक तिचे वय फार नाही. दोनशे वर्षांपूर्वी पुण्याच्या आसपासच्या अशा गावांत ठाणे नव्हते, गणवेश नव्हता, अंदाजपत्रकही नव्हते. राखण मात्र होती. आणि जेथे राखण तेथे तिचा खर्च हा आलाच. तो खर्च कोणी सोसला, कोणाच्या माथ्यावरून तो कोणाच्या माथ्यावर गेला, आणि या अदलाबदलीत कोण भरडले गेले, याचा वृत्तांत राज्यकर्त्यांच्या लढायांइतकाच बोधप्रद आहे.

या गावाच्या नावातच जुन्या व्यवस्थेची एक खूण राहून गेली आहे. गुरव हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याने देवळाची झाडलोट व पूजाअर्चा करावी, आणि सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याने खळ्यावर त्याच्या पदरात धान्याचा ठरलेला वाटा घालावा, असा रिवाज असे. गावराखणीची सोयही याच रिवाजावर चाले. पाटील हा गावचा मुख्य. वसुली, तंटेबखेडे व बंदोबस्त ही तिन्ही कामे त्याच्याकडे असत. चौगुला त्याचा मदतनीस आणि कुलकर्णी हिशेब राखणारा. प्रत्यक्ष पहारा, वेशीवरची नजर, रात्रीची गस्त आणि परका माणूस गावात आल्यास चावडीवर वर्दी देणे, ही कामे महार वतनदारांची असत. पुरंदर व साताऱ्याच्या डोंगराळ मुलखात रामोशी, आणि उत्तरेस जुन्नरच्या बाजूस कोळी, हेही राखणीच्या कामावर असत. यांपैकी कोणासही दरमहा रोख पगार मिळत नसे. इनाम जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि सणावाराचे हक्क, हेच त्यांचे वेतन होय.

या व्यवस्थेतील एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गावात चोरी झाली म्हणजे रखवालदाराने चोराचा माग काढावा. तो माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरल्याचे त्याने दाखवून दिले की, जबाबदारी त्या गावावर जाई. मग त्या गावाने माग पुढे न्यावा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवेल त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई करावी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आढळते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर पहारा, तपास व विमा ही तिन्ही कामे गाव एकाच खर्चात उरकीत असे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. भरपाईची रक्कम प्रथम रखवालदाराच्या अंगावर पडे. त्यास ती देण्याची ऐपत नसे, म्हणून उरलेला बोजा गावकऱ्यांवर बसे. ज्या चोरीस आळा घालणे गावाच्या शक्तीबाहेरचे होते तिचीही भरपाई घेणे न्यायाचे नव्हे, ही गोष्ट एल्फिन्स्टनच्याही ध्यानात आली होती. शिवाय ज्याच्या जिवावर सारा गाव निर्धास्त झोपे, त्यास गावात राहण्यास वेशीबाहेरची जागा मिळे. बलुते हा हक्क म्हणून सांगितला जाई खरा, परंतु खळ्यावर तो मागावयाचा तो हात पसरूनच. राखण स्वस्त पडे ती या कारणाने.

पुणे शहराची तऱ्हा निराळी होती. पेशवाईच्या उत्तरार्धात तेथे कोतवाली असे. तिच्या हाताखाली प्यादे, स्वार व रामोशी असत, आणि रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्यास पकडून ठेवीत. येथे नोकरांस वेतन मिळे. परंतु कोतवालाच्या कचेरीत दंडाचे व निरनिराळ्या पट्ट्यांचे उत्पन्नही जमा होई. ज्या कचेरीने बंदोबस्त ठेवावयाचा तिच्याच हाती दंडाची वसुली असली म्हणजे अपराध्यांची संख्या कमी व्हावी असे तिला का वाटावे? घाशीराम कोतवालाचे नाव महाराष्ट्रात जुलमाचा पर्याय होऊन बसले आहे. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी पुष्कळ जण गुदमरून मेले आणि क्षुब्ध जमावाने त्यास दगडांनी ठेचून ठार केले. एका माणसाच्या दुष्टपणाने या घटनेचा अर्धाच उलगडा होतो. उरलेला अर्धा उलगडा, अधिकार आणि उत्पन्न एकाच हाती देणाऱ्या पद्धतीत शोधावा लागतो.

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी किल्ले ताब्यात घेतले व तेथील शिबंदी कमी केली. पिढ्यान् पिढ्या गडांच्या राखणीवर ज्यांचे पोट चाले, असे शेकडो रामोशी व कोळी बेकार झाले. जुने हक्क कोठे बुडाले, कोठे वादात पडले. नव्या सरकारच्या हिशेबनिसाने हा खर्च वहीतून खोडला तेव्हा त्यास तो काटकसरीचा विजय वाटला असेल. परंतु वहीतून खोडलेला माणूस मुलखातून नाहीसा होत नाही. ज्यास डोंगरातील प्रत्येक पायवाट राखणीसाठी ठाऊक होती, त्याने तीच पायवाट दरोड्यासाठी वापरली. पुरंदर तालुक्यातील भिवडीचा उमाजी नाईक हा या असंतोषाचा पुढारी झाला.

पुढील प्रकार मोठा विलक्षण आहे. बंड मोडेना, तेव्हा १८२७ च्या सुमारास सरकारने रामोश्यांस माफी दिली, त्यांच्या पुढाऱ्यांस जमिनी दिल्या आणि त्यांसच पगार देऊन डोंगरी मुलखाच्या राखणीवर नेमिले. म्हणजे जो खर्च पूर्वी अनावश्यक म्हणून काटला होता, तोच दंडासह पुन्हा खर्ची पडला. ही तडजोडही टिकली नाही. उमाजी पुन्हा उठला. पलटणी फिरविण्यात आल्या, बक्षिसे जाहीर झाली, कॅप्टन मॅकिंटॉशने कसून पाठलाग केला आणि १८३१ च्या डिसेंबरात तो पकडला गेला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यास फाशी देण्यात आले. याच मॅकिंटॉशने पुढे रामोश्यांची सविस्तर हकीकत लिहून १८३३ साली छापली. पुण्याच्या छावणीतील गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर मात्र पुढे कित्येक वर्षे रामोशीच रखवालदार म्हणून ठेवण्याची चाल होती. तो ठेवला नाही तर चोरी व्हावयाचीच, असे मालकास वाटे; आणि हे वाटणे अगदीच निराधार नव्हते.

याच सुमारास इंग्लंडातही राखणीच्या खर्चाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. १८२९ साली सर रॉबर्ट पील याने लंडन शहरासाठी पगारी पोलीस दल उभारले. त्यासाठी प्रत्येक वस्तीतील घरमालमत्तेवर, पौंडामागे जास्तीत जास्त आठ पेन्स, अशी स्वतंत्र पट्टी बसविण्यात आली. लंडनकरांनी तक्रारी पुष्कळ केल्या. तथापि कोणत्या कामासाठी किती पैसा घेतला जातो, हे त्यांस उघड दिसत होते, आणि तक्रार करण्यास पार्लमेंट होते. पुरंदरच्या डोंगरात ज्या वर्षी उमाजीचा पाठलाग चालला होता, त्या वर्षी लंडनच्या रस्त्यावर निळ्या गणवेशातील शिपाई फिरू लागला होता. दोन्ही ठिकाणी अंमल एकाच राज्याचा. परंतु एके ठिकाणी राखणीचा खर्च करदात्याशी वाद घालून ठरत होता आणि दुसऱ्या ठिकाणी तो कोणास न विचारता कमी-अधिक होत होता.

मुंबई इलाख्यात पोलिसांची पद्धतशीर घडी १८५० नंतरच्या काळात बसली. १८६७ साली जिल्हा पोलिसांचा एक व ग्रामपोलिसांचा एक, असे दोन कायदे झाले. तेव्हापासून दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. जिल्ह्याचा गणवेशधारी शिपाई तिजोरीतून पगार घेई. गावचा पोलीस-पाटील व त्याच्या हाताखालचे महार हे मुख्यतः वतनावरच राहिले. १८७० साली लॉर्ड मेयो याने पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यक, रस्ते इत्यादी खाती प्रांतिक सरकारांकडे सोपवून त्यांसाठी ठराविक रक्कम तोडून दिली. पोलीस, शाळा व दवाखाना यांचा खर्च एकाच थैलीतून निघू लागला, आणि एकास वाढवून द्यावयाचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागे, ही ओढाताण तेव्हापासून सुरू झाली. बारा वर्षांनी लॉर्ड रिपन याने स्थानिक स्वराज्याचा ठराव करताना, नगरपालिकांवरील पोलिसांच्या खर्चाचा बोजा काढावा आणि तो पैसा त्यांनी शिक्षण व आरोग्य यांकडे लावावा, असे धोरण सांगितले. ते योग्यच होते. कारण ज्या पोलिसांवर नगरपालिकेचा हुकूम चालत नाही त्यांचा पगार तिने का द्यावा?

मधल्या काळात दुष्काळाने जुनी जखम पुन्हा उघडी केली. १८७६-७७ च्या दुष्काळाने दक्षिणेतील जिल्हे होरपळून निघाले. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीस असलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या प्रारंभी जे बंड उभारले, त्यात त्यांस पहिले सोबती मिळाले ते रामोशी. फडके यांनी काढलेल्या जाहीरनाम्यात लोकांस काम द्यावे, कर कमी करावेत आणि बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे भारी पगार उतरवावेत, अशा मागण्या होत्या. सरकारचा पैसा कोठून येतो व कोठे जातो, हे हिशेबखात्यात बसलेल्या माणसास अचूक ठाऊक होते. बंड मोडले, फडके यांस एडनला पाठविण्यात आले व तेथेच १८८३ साली त्यांचे देहावसान झाले.

पैसा घ्यावयाचा पण विचारावयाचे नाही, या वृत्तीचे टोक पुणे शहराने १८९७ साली पाहिले. प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाने शहर संतप्त झाले होते. २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्यानंतर सरकारने शहरावर ज्यादा पोलीस बसविले आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याचे ठरविले. कायद्यात तशी तरतूद होतीच: एखाद्या ठिकाणची वर्तणूक सरकारास आक्षेपार्ह वाटली तर तेथे अधिक शिपाई ठेवून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांवर लादता येई. जुन्या गावाने चोरी थांबविली नाही म्हणून भरपाई करावी, तशीच ही गोष्ट वरवर पाहता दिसते. परंतु जुन्या गावात पहारेकरी गावाचाच माणूस असे. येथे करदाता एकीकडे व पहारेकरी दुसरीकडे, अशी स्थिती झाली. संरक्षणासाठी घेतलेला कर हा जेव्हा शिक्षा म्हणून घेतला जातो, तेव्हा त्या करातून पोसलेल्या शिपायाकडे लोक रक्षक या दृष्टीने पाहू शकत नाहीत.

इतके होऊनही ग्रामराखणीचा मुख्य भार ज्याच्यावर होता त्याच्या वेतनाचा प्रश्न तसाच राहिला. १९१९ च्या सुधारणांनी काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. पोलीस व तुरुंग मात्र गव्हर्नरने राखून ठेविले. अशा कायदे मंडळात १९२८ साली डॉ. भीमराव आंबेडकर यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्यातील मुद्दा साधा व निरुत्तर करणारा होता. महार वतनदार काम करतो सरकारचे. सारा वसुलीत राबतो, टपाल नेतो, पहारा करतो. त्याच्या घरातील सर्व माणसे या कामास बांधलेली असतात. मग त्याचे वेतन सरकारने न देता रयतेने धान्यरूपाने का द्यावे, आणि ते न दिल्यास त्याने दाद कोठे मागावी? बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करून ती साऱ्याबरोबर वसूल करावी व सरकारने त्यातून पगार द्यावा. आणि ज्या वतनदारास सेवेतून मोकळे व्हावयाचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून मोकळे व्हावे, अशी त्यांची योजना होती. विरोध पुष्कळ झाला आणि पुढील वर्षी ते विधेयक त्यांस मागे घ्यावे लागले. या विषयावर महाराष्ट्रात झालेल्या चर्चांत इतका मूलगामी विचार क्वचितच मांडला गेला असेल. खळ्यावरचे धान्य आणि तिजोरीतील पगार यांत केवळ हिशेबाचा फरक नाही. एक घेताना मान खाली जाते व दुसरा घेताना जात नाही.

हा न्याय मिळण्यास स्वराज्य यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९५८ साली झाला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीचे वंशपरंपरागत पद गेले. आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस-पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला. त्यास सरकारकडून मानधन मिळते.

पहारेकऱ्याविषयी जे म्हटले तेच बंदिवानाविषयी म्हणता येते; कारण पहाऱ्याचा शेवट तुरुंगाच्या दाराशी होतो. येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग १८७१ चा. गेल्या शतकातील तुरुंगखात्याची दृष्टी बहुतांशी ही असे की, कैद्याच्या श्रमातून तुरुंगाचा खर्च शक्य तितका भरून काढावा. १९१९-२० च्या हिंदी तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक प्रयोजन म्हणून स्पष्टपणे मांडले. पण सुधारणेस पैसा लागतो आणि तिचे फळ त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

या कोंडीतून एक अनपेक्षित वाट औंध संस्थानाने काढली. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे तेथील अधिपती. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत स्थापन झाली. तेथे तट नव्हता, बेड्या नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांस जमीन देण्यात आली. त्यांनी ती कसावी व विश्वासाने राहावे, एवढीच अपेक्षा. छोट्या संस्थानाजवळ उंच भिंती बांधण्यास पैसा नव्हता असे कोणी म्हणेल. परंतु पैसा नसलेली संस्थाने पुष्कळ होती, स्वतंत्रपूर एकच झाले. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी पडद्यावर आणलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या बोलपटामागे हीच प्रेरणा होती. स्वतंत्रपूरची वसाहत पुढे राज्याच्या तुरुंगखात्याकडे आली आणि खुल्या तुरुंगांची कल्पना महाराष्ट्रात रुजली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने, सक्तमजुरीच्या कैद्यास त्याच्या श्रमाचे वाजवी वेतन मिळाले पाहिजे व त्यातील काही भाग गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी राखून ठेवावा, असा निर्णय दिला. चोरीची भरपाई गरीब रखवालदाराकडून घेण्याच्या जुन्या रिवाजाशी हा निर्णय ताडून पाहावा. दोनशे वर्षांत न्यायबुद्धी कोठून कोठे आली हे त्यावरून कळते. मात्र बंद तुरुंगांत जागेपेक्षा अधिक माणसे आहेत आणि त्यांत खटला अजून न संपलेले कच्चे कैदीच बहुसंख्य आहेत, ही गोष्ट विसरता येत नाही.

राज्यघटनेने पोलीस व तुरुंग हे दोन्ही विषय राज्यांकडे सोपविले. पवनेच्या खोऱ्यात त्यानंतर उद्योग आले: १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. १९६५ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुक्तालयातून २०१८ साली या नगरीचे आयुक्तालय वेगळे निघाले. चाकणसारखी औद्योगिक ठाणी ग्रामीण पोलिसांकडून त्यात आली. वस्ती वाढल्यावर राखणीचा खर्च वाढावयाचाच. तो आता विधिमंडळात मागणी म्हणून मांडला जातो, त्यावर बोलता येते, मत देता येते. उमाजीच्या वा रँडच्या काळी लोकांस जे मिळाले नाही ते हे होय. आणि ते वापरले नाही तर असून नसून सारखेच.

परंतु अंदाजपत्रकात न दिसणारा एक पहारा आज पुन्हा घरोघर उभा आहे. पिंपळे गुरवातील गृहसंस्थांच्या फाटकांवर रात्रभर बसणारा रखवालदार हा सरकारचा नोकर नव्हे. त्याचे वेतन सभासदांच्या मासिक वर्गणीतून निघते. त्याचे नाते पोलीस शिपायापेक्षा जुन्या गावच्या जागल्याशी अधिक जवळचे आहे. अशा रखवालदारांच्या हितासाठी महाराष्ट्रात १९८१ सालापासून कायदा आहे. वार्षिक सभेत वर्गणीचा आकडा कमी करण्याविषयी मोठ्या हिरिरीने चर्चा होतात. त्या वेळी रखवालदाराच्या हाती प्रत्यक्ष किती पडते, त्याची पाळी किती तासांची असते, आणि आवारातून एखादी वस्तू गेली तर तिची किंमत त्याच्याच पगारातून कापली जाते की काय, हे तीन प्रश्न कोणी तरी विचारावेत. चौथा प्रश्न त्याच्या बसण्याच्या जागेविषयी विचारावा. या चारही प्रश्नांची उत्तरे दोनशे वर्षांपूर्वी काय होती, हे वर सांगितलेच आहे.